बेचाळीसची चळवळ खानदेशात चालली कशी? भाकरी, कागद, रस्ते आणि दंड : तपशील जमवूया

तापीकाठ :
नंदुरबारला ९ सप्टेंबर १९४२ च्या गोळीबारात गेलेल्या शिरीषकुमार, लालदास, शशिधर, धनसुखलाल आणि घनश्याम या पाच जणांची नावं घेतली जातात, आणि घ्यायलाच हवीत. दुसरीकडे १४ एप्रिल १९४४ ला चिमठाण्याला लुटलेला सरकारी खजिना, डॉ. उत्तमराव पाटील, साताऱ्याहून आलेले जी. डी. बापू लाड आणि नागनाथअण्णा नायकवडी, हेही सगळ्यांना तोंडपाठ आहे. या दोन तारखांमध्ये एकोणीस महिने आहेत. त्या एकोणीस महिन्यांत भूमिगतांना जेवू कोणी घातलं, निरोप कसे पोचले, पत्रकं कशावर निघाली, दंड कोणी भरला, हे कुठल्याच भाषणात येत नाही.

गावाच्या वाचनालयात आठ फलकांचं प्रदर्शन लावायचं आहे. हुतात्म्यांची चरित्रं तयार आहेत. धाग्यावर हवे आहेत ते सामान्य माणसांच्या कामाचे तपशील, तेही तपासून पाहता येतील असे : वजन, अंतर, तिथी, खर्च, कागदपत्र. 'गावच्या गाव पेटून उठलं' अशी वाक्यं नकोत. ऐकीव माहिती चालेल, पण ती कशाला ताडून पाहायची तेही सोबत लिहा.

जुनं दप्तर :
चांगला धागा. आधी कालगणना नीट लावून घ्या, नाहीतर पुढचं सगळं घसरतं. वयस्कर माणसं इसवी सनात आठवत नाहीत, सणावर आणि पिकावर आठवतात. म्हणून दोन्ही तारखांचं पंचांग फलक लिहिणाऱ्याने समोर ठेवावं.

९ सप्टेंबर १९४२ हा बुधवार. अमावस्या १० तारखेची, म्हणजे पोळा अगदी तोंडावर. कोणी 'पोळ्याच्या आदल्या दिवशी शहरातून बातमी आली' असं सांगितलं तर ते जुळतं. 'दिवाळी होऊन गेली होती' असं सांगितलं तर तो माणूस दुसरी एखादी घटना सांगतो आहे. १९३० चा कायदेभंग, १९३२ ची धरपकड आणि १९४२ ही तीन वर्षं आठवणीत हमखास एकमेकांत मिसळतात. १९३२ ओळखायची सोपी खूण आहे. धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरची प्रवचनं झाली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली, ती २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात, दर रविवारी. तुरुंगातल्या आठवणीत विनोबा आले की ते बेचाळीस नव्हे.

१४ एप्रिल १९४४ हा शुक्रवार. चैत्र वद्य पक्ष, षष्ठी-सप्तमीचा सुमार. चंद्र मध्यरात्रीच्या आसपास उगवणारा, म्हणजे रात्रीचा पहिला अर्धा भाग काळोखाचा. अक्षय तृतीया, आपली आखाजी, अजून दहा-बारा दिवस पुढे. आणि एक मोठी खूण : त्याच दिवशी दुपारी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाजाचा स्फोट झाला. त्या आठवड्याची वर्तमानपत्रं चाळताना हे लक्षात ठेवा, पहिली पानं गोदीच्या आगीने भरलेली असणार.

शेवटची गोष्ट घड्याळाची. १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत युद्धामुळे देशातली घड्याळं एक तास पुढे केलेली होती. सरकारी कागदात 'सायंकाळी ७' असेल तर आजच्या हिशोबाने ते ६. खेड्यातला माणूस मात्र दिवसमानावर बोलतो. जबानी आणि कागद यांत तासाभराचा फरक निघाला म्हणून कोणाला खोटं ठरवू नका. ऑगस्ट १९४२ च्या घटनांना हा फरक लागू नाही.

गिरणाथडी :
घड्याळाचं अगदी महत्त्वाचं सांगितलंत दप्तरदादा. फलकावर वेळ लिहिताना 'तेव्हाच्या घड्याळाप्रमाणे' एवढं जोडावं.

कळणा आणि ठेचा :
भाकरीचं मी लिहिते, कारण या विषयावर 'मायमाउल्यांनी भाकरी पुरवली' या एका वाक्यापलीकडे कोणी जात नाही.

हिशोब असा. राबणाऱ्या किंवा रात्रभर चालणाऱ्या माणसाला एका जेवणाला तीन ज्वारीच्या भाकरी धरा, दोन वेळच्या सहा. वीस माणसं लपलेली असतील तर दिवसाच्या १२० भाकरी. एक किलो पिठाच्या साधारण दहा-बारा होतात, म्हणजे रोज दहा-बारा किलो पीठ. तेव्हा खेड्यात दळण जात्यावर. घरच्या पाच-सहा माणसांचं दळण पहाटे उरकलं जातं, त्यात एवढं जास्तीचं बसत नाही. एका घरावर हा भार टाकला की तीन ठिकाणी बोभाटा होतो. जात्याची घरघर उजाडल्यावरही चालू राहते आणि शेजारीण विचारते. चुलीचा धूर भलत्या वेळी निघतो. आणि कणगीतला दाणा महिनाभर आधीच तळाला जातो.

म्हणून काम वाटून घ्यावं लागतं. सहा घरांत वीस-वीस भाकरी विभागल्या की प्रत्येक घरात जेमतेम दोन किलो पीठ जास्तीचं, ते नेहमीच्या दळणात खपून जातं. पाहुणा आला तरी तेवढं लागतंच. भाकरी शेतावर नेणारी बाई रोज त्याच वाटेने जाते, तिच्या डोक्यावरची पाटी कोणाच्या डोळ्यांत येत नाही. वीस भाकरींचं वजन तीन किलोच्या आसपास, वर कांदा आणि ठेचा. एवढं एका पाटीत आरामात मावतं.

भाकरी कोणती, हेही बघा. नुसत्या ज्वारीची भाकरी दुसऱ्या दिवशी कडक होते. उडीद घालून दळलेली कळण्याची भाकरी नरम राहते आणि पोटाला धरते. सोबत तेलातला मिरचीचा ठेचा दोन दिवस टिकतो. वरण, आमटी, भरीत यांचा उपयोग नाही, भांडं लागतं आणि भांडं परत आणावं लागतं. राहून गेलेलं भांडं म्हणजे पुरावा, कारण तेव्हा पितळी भांड्यांवर नाव कोरून घेत.

पाणी हा वेगळा प्रश्न. सप्टेंबरात नाले वाहतात. एप्रिलमध्ये विहिरी खोल गेलेल्या, नाले कोरडे, त्यामुळे माणसं विहिरीच्या जवळ ठेवावी लागतात, आणि विहिरीवर तर अख्खं गाव येतं. त्या दिवसांत अनोळखी माणूस लपवणं पावसाळ्यापेक्षा कितीतरी अवघड. १९४३ पासून धान्याची टंचाई आणि सरकारी लेव्ही (सक्तीची धान्यवसुली), म्हणजे दाणाही मोजका. चिमठाण्याच्या सुमाराला कोणी दहा माणसं आठवडाभर पोसली असतील तर ती भाकरी बेचाळीसच्या भाकरीपेक्षा महाग होती. हे फलकावर यायलाच हवं.

तापीकाठ :
ताई, हा मजकूर एका अख्ख्या फलकाचा आहे. 'सहा घरं, वीस-वीस भाकरी' असं चित्र काढून घेतो.

शिसं आणि शाई :
पत्रकांबद्दल लिहितो. तीन पद्धती होत्या, आणि पत्रक हातात आलं की कशावर निघालंय ते ओळखता येतं.

सगळ्यात साधी कार्बन. पातळ कागद, कडक पेन्सिल, जोर देऊन लिहायचं. पाच-सहा प्रती वाचण्याजोग्या, सातवी-आठवी धूसर. एका माणसाने रात्रभर बसून पन्नास प्रती काढल्या तर पुष्कळ. हस्ताक्षर उघडं पडतं हा मोठा धोका, म्हणून शाळकरी पोरांकडून किंवा डाव्या हाताने लिहून घेत.

दुसरी सरसाची पाटी. सरस आणि ग्लिसरीन वितळवून पत्र्याच्या ताटात ओततात, थंड झाल्यावर थर बसतो. जांभळ्या ॲनिलीन शाईने लिहिलेला कागद त्यावर दाबला की शाई थरात उतरते, मग कोरे कागद एकेक दाबून उचलायचे. चाळीस-पन्नास प्रती निघतात, पुढे पुढे फिकट. जांभळी फिकी अक्षरं दिसली की ही पद्धत. खानदेशात वैशाखात ती चालत नाही. उन्हाने थर मऊ पडतो, कागद उचलताना सरसाचे तुकडे वर येतात. पहाटे गारव्यातच काम करावं लागतं.

तिसरी सायक्लोस्टाईल, खरं बुलेटिन यावरच निघायचं. मेणाचा थर दिलेला स्टेन्सिल कागद, लाकडी चौकट, जाळी, रूळ आणि तेलकट शाई. टाइपरायटर असेल तर रिबन बाजूला करून टाइप करायचं, म्हणजे खिळा थेट मेणावर बसतो. मराठी टाइपरायटर दुर्मिळ, म्हणून बहुतेक वेळा खरखरीत पोलादी पाटीवर स्टेन्सिल ठेवून टोकदार लोखंडी लेखणीने लिहीत. इथे आपली लिपी नडते. लांबलचक शिरोरेघ ओढली की स्टेन्सिल त्या रेषेवर फाटतो, म्हणून जाणकार शब्दाशब्दाला, कधी अक्षराअक्षराला रेघ तोडतो. ब, ठ, ढ यांच्या पोटातला गोल जोराने काढला की तो तुकडा गळून पडतो आणि तिथे शाईचा ठिपका उमटतो. जुन्या बुलेटिनमध्ये तुटक शिरोरेघा आणि भरलेली पोटं दिसली तर ते हाताने कापलेलं स्टेन्सिल समजावं.

एका चांगल्या स्टेन्सिलवर काही शे प्रती निघतात, सांभाळून वापरला तर हजाराच्या आसपास. एक जण रूळ फिरवणारा, एक कागद लावणारा-काढणारा : तासाला दोन-अडीचशे. कागद शाई पिणारा लागतो. गुळगुळीत कागदावर शाई वाळत नाही, वरच्या कागदाच्या पाठीला लागते, म्हणून मध्ये टिपकागद घालतात. ऑगस्ट-सप्टेंबरच्या दमट हवेत तर कागदच ओला असतो आणि गठ्ठा एकमेकांना चिकटतो. घाईने बांधलेला गठ्ठा दुसऱ्या गावी पोचेपर्यंत अर्धा वाया.

कागदाचा हिशोब : २४ ताव म्हणजे दस्ता, वीस दस्ते म्हणजे रीम, ४८० ताव. अर्धा ताव एका बुलेटिनला, म्हणजे रीममागे ९६०. युद्धामुळे कागदाची टंचाई. एका दुकानातून रीम उचलली की दुकानदाराच्या वहीत ती दिसते. दस्ता-दस्ता करून वेगवेगळ्या दुकानांतून, शाळेच्या नावाने घेतला तर कोणाचं लक्ष जात नाही. त्यामुळे एकाच बुलेटिनच्या प्रती वेगवेगळ्या जातीच्या कागदावर सापडतात. संग्रहात अशा प्रती दिसल्या तर त्या बनावट म्हणून बाजूला टाकू नका.

पांझरा :
बातमी कुठून यायची? काँग्रेस रेडिओ इकडे ऐकू यायचा का?

शिसं आणि शाई :
चळवळीचा भूमिगत काँग्रेस रेडिओ २७ ऑगस्ट १९४२ ला ४२.३४ मीटरवर सुरू झाला आणि १२ नोव्हेंबर १९४२ ला पकडला गेला, तो चालवणाऱ्या उषा मेहता तेव्हाच अटकेत गेल्या. ही लघुलहर आहे, आजच्या भाषेत ७ मेगाहर्ट्झच्या जरा वर. रात्री ती मुंबईहून खानदेशापर्यंत पोचायला तांत्रिक अडचण नाही. अडचण सेटची होती. वाल्व्हचा सेट, त्याला परवाना, आणि वीज नसलेल्या गावात बॅटरी. बॅटरी भरून आणायला शहरात जावं लागे. म्हणजे ऐकणारं घर पंचक्रोशीत एखादंच. एकाने ऐकायचं, दुसऱ्याने भराभर टिपायचं, सकाळी कार्बनच्या प्रती. गावोगाव लोक रेडिओला कान लावून बसले होते, असं फलकावर लिहू नका. रेडिओ मोजक्यांनी ऐकला, पुढे बातमी कागदावर आणि तोंडी गेली.

भुसावळ जंक्शन :
बातमीची दुसरी वाट रेल्वे. मुंबईहून येणारं सगळं जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेवरून चाळीसगाव, जळगाव, भुसावळ असं यायचं. चाळीसगावहून धुळ्याला फाटा. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर ही सुरतेच्या ताप्ती व्हॅली लाइनवर. म्हणून पश्चिम खानदेशाला मुंबईइतकीच सुरतेची बातमी लागायची, आणि नंदुरबारच्या मुलांची घोषणा 'नहीं नमशे, नहीं नमशे, निशान भूमि भारतनुं' अशी गुजरातीत होती. नकाशाचा फलक करणार असाल तर आजचे तीन जिल्हे दाखवू नका. १९०६ पासून पूर्व खानदेश, मुख्य ठाणं जळगाव, आणि पश्चिम खानदेश, मुख्य ठाणं धुळे, असे दोनच जिल्हे होते. नंदुरबार तेव्हा पश्चिम खानदेशातला तालुका.

सातपुडा पायथा :
रस्त्यांबद्दल. काळ्या मातीचा माणूस असेल त्याला हे लगेच पटेल. सप्टेंबरात ज्वारी-बाजरी डोक्याएवढी, लपायला आडोसा भरपूर, पण चिखल असा की सायकल चार हात जात नाही, बैलगाडीचं चाक आऱ्यांपर्यंत रुततं. पायी माणूसही तासाला दोन-तीन किलोमीटरवर येतो आणि पाऊलखुणा दुसऱ्या दिवसापर्यंत राहतात. एप्रिलमध्ये उलटं. कपाशी निघालेली, रब्बी काढून झालेली, शेतं मोकळी. मैलभरावरचा माणूस दिसतो. पण जमीन कडक, नदीनाल्यांची पात्रं कोरडी. पांझरा-बुराईसारख्या नद्यांच्या पात्रातून रात्री चाललं की दोन्ही काठांच्या आडोशाने जाता येतं, वाट चुकत नाही, गाव टाळता येतं. धडधाकट माणूस एका रात्रीत २५-३० किलोमीटर जातो. चिमठाण्याचं नियोजन कोणी एप्रिलमध्ये का केलं असेल याचं निम्मं उत्तर जमिनीत आहे.

दिवसा मात्र उन्हात चालणं अशक्य, म्हणून थांबे ठरलेले असावे लागतात. आणि थांबा म्हटलं की परत तीच सहा घरं, त्याच भाकरी.

पांझरा :
खजिन्याबद्दल एक प्रश्न. साडेपाच लाख रुपये 'पोत्यांत भरून डोक्यावरून नेले' असं ऐकायला मिळतं. बरोबर आहे का?

जुनं दप्तर :
वजन करून बघा, पांझरादादा. चांदीचा रुपया म्हणजे एक तोळा. ऐंशी तोळ्यांचा शेर, चाळीस शेरांचा मण, म्हणजे ३,२०० रुपयांचा एक मण. १९४० नंतर रुपयातली चांदी कमी झाली तरी वजन तेच राहिलं. साडेपाच लाख रुपये सगळे नाण्यांत धरले तर १७२ मण, जवळजवळ साडेसहा टन. कच्च्या रस्त्यावर एका बैलगाडीत पंधरा-वीस मण धरला तर नऊ ते बारा गाड्या लागतील. धुळ्याहून नंदुरबारकडे मोटारीतून जाणारा आणि मूठभर माणसांनी झटपट हलवलेला खजिना असा असू शकत नाही. दहाच्या नोटा धरल्या तर ५५ हजार नोटा, मण-दीड मण वजन, चार-पाच जणांत वाटून नेता येतात. शंभराच्या धरल्या तर एका पिशवीत. म्हणजे मोठा भाग नोटांचाच असला पाहिजे, पोत्यांची गोष्ट फार तर सुट्ट्या नाण्यांपुरती खरी.

नोटांची अडचण वेगळी. मोठ्या नोटांचे नंबर नोंदलेले असतात, त्या मोडायला गेलं की माग लागतो. चळवळीला कामाच्या त्या लहान नोटा.

याच्याशी ताडायला १८५७ चं उदाहरण घ्या. भिल्लांचे पुढारी काजरसिंग नाईक यांनी नोव्हेंबर १८५७ मध्ये सेंधवा घाटात सुमारे सात लाखांचा सरकारी खजिना अडवला. सरकारी कागदी चलनाचा कायदा १८६१ चा, म्हणजे तो खजिना नाण्यांचाच. सात लाख म्हणजे २१८ मणांहून जास्त. तो हलवायला शेकडो हात लागले असणार, आणि ते हात सातपुड्यातल्या भिल्ल पाड्यांतले होते. इतिहासात नाव एका नाईकाचं, ओझं उचललं पाड्यांनी. पुढे ११ एप्रिल १८५८ ला इंग्रजांशी अंबापाणीची लढाई झाली, तिथे याच पाड्यांनी किंमत मोजली.

देवपूर :
मंडळी, एक शंका मनापासून. हुतात्म्यांच्या विषयात असं मणा-शेरात मोजणं बरं दिसतं का? शिरीषकुमारचा जन्म २८ डिसेंबर १९२६ चा, सोळा वर्षंही पुरी नव्हती. तिथे पिठाचा हिशोब मांडायचा?

कळणा आणि ठेचा :
भाऊ, तुमची भावना कळते. पण ज्या बाईने सहा महिने वीस भाकरी जास्तीच्या केल्या, पोलीस दारात आल्यावर 'पाहुणे होते' एवढंच सांगितलं, तिच्या धाडसाला मोजमाप दिलं नाही तर ते कुणाला दिसणारच नाही. हुतात्म्याचं स्मारक चौकात उभं आहे. हिचं सगळं काम पिठात आणि चुलीत गेलं. मांडायचं तर त्याच मापात मांडावं लागेल.

जुनं दप्तर :
देवपूरकर, ताईंनी सांगितलं त्याला कागदाचा आधार देतो, कारण हा प्रश्न यादीत कोण येतं आणि कोण राहून जातं याचा आहे.

गावाकडे 'स्वातंत्र्यसैनिक' म्हणजे ज्याला पेन्शन होती तो. केंद्राची योजना १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली, १ ऑगस्ट १९८० पासून सन्मान पेन्शन नावाने रुंदावली. निकष असे : किमान सहा महिने तुरुंग, स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींना तीन महिने, किंवा वॉरंट, पकडून देण्याचं बक्षीस, स्थानबद्धतेचा हुकूम यामुळे सहा महिन्यांहून जास्त भूमिगत, किंवा मालमत्ता जप्त, नोकरी गेली, गोळी-लाठीने कायमचं अपंगत्व, दहा फटक्यांची शिक्षा. आणि पुरावा कागदाचा किंवा सोबतच्या कैद्यांच्या दाखल्याचा. आता सांगा, भाकरी पोचवणारी बाई, निरोप नेणारा सालदार (वर्षाच्या करारावरचा शेतमजूर), दस्ता-दस्ता कागद आणणारा मास्तर यांपैकी कोण यात बसतो? ती पकडली गेली नाही हेच तिच्या कामाचं यश, आणि त्यामुळेच ती यादीबाहेर.

तर दुसरी यादी शोधा : सामूहिक दंडाची. १९४२ मध्ये सरकारने सामूहिक दंडाचा वटहुकूम काढला. तार तोडली, रूळ उखडले, कचेरी जाळली की आजूबाजूच्या गावावर ठोक रक्कम बसवायची आणि ती घरोघर वाटून वसूल करायची. देशभर मिळून सुमारे ९० लाखांचे दंड बसवले गेले. वाटणी शेतसारा किंवा घरपट्टीच्या प्रमाणात, तलाठ्याच्या खातेयादीवरून. सरकारी नोकर आणि सरकारला अनुकूल ठरवलेल्यांना सूट. म्हणजे या यादीत गावातलं जवळजवळ प्रत्येक घर येतं, रकमेसकट. पुढारी नाही, गाव येतं.

शोधायचं असं. तालुक्याच्या अभिलेख कक्षात १९४२ ते १९४४ ची महसुली दप्तरं मागा. 'सामूहिक दंड' शब्द सापडला नाही तर जादा वसुली, जप्ती, दंडवाटप या नावांखाली बघा. नकलेसाठी लेखी अर्ज, त्यात गाव, तालुका (तेव्हाचा, आजचा नव्हे) आणि वर्ष. तालुका चुकीचा टाकला की 'अभिलेख आढळत नाही' असं छापील उत्तर येतं. पुष्कळ गावपातळीचा कागद तेव्हाही मोडीत आहे, मोडी वाचणारं माणूस सोबत हवं. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ १९२७ पासून आहे, तिथे मोडीची विचारपूस करावी. पोलिसांच्या बाजूचं बघायचं तर मुंबईच्या पुराभिलेखागारात गृहखात्याच्या विशेष विभागाच्या फायली.

यादीचा एक सापळा. दंड भरला म्हणजे चळवळीत होता असं नाही. ज्याच्या दारावर जप्तीचा माणूस आला आणि ज्याने भांडी नेऊ दिली पण नाव सांगितलं नाही, अशा दोन्ही गोष्टी जुळतील तिथेच तो चळवळीत होता असं म्हणा.

गिरणाथडी :
आणि १९३६ चं फैजपूर विसरू नका. खेड्यात भरलेलं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, धनाजी नाना चौधरींची सगळी उभारणी. बांबू-चटयांचं टिळकनगर उभं करायला, पाणी-सफाई-स्वयंपाक सांभाळायला आसपासच्या गावांतले स्वयंसेवक होते. हजारोंचं जेवण कसं वाटून घ्यायचं, कोणत्या गावात कोणावर मदार ठेवायची हे पूर्व खानदेशाला सहा वर्षं आधी माहीत झालेलं होतं. बेचाळीसला नेते एका रात्रीत आत गेले तरी काम थांबलं नाही, यात फैजपूरच्या या सरावाचा मोठा वाटा आहे असं मला वाटतं. त्या वेळच्या स्वयंसेवकांच्या याद्या कोणाच्या घरी असतील तर बेचाळीसच्या नावांशी ताडून बघा.

केळीपट्टा :
त्याही मागे जाता येतं. १८५२ मध्ये सावदा, रावेर, चोपडा भागात इंग्रजांच्या जमीनमोजणीविरुद्ध शेतकऱ्यांनी मोठा जमाव करून मोजणी अडवली होती. शेवटी लष्कर आणून मोडलं. मोजणीचा साखळी-दांडा अडवला की सारा ठरत नाही, हे तिथल्या शेतकऱ्याला नेमकं कळलं होतं.

सातपुडा पायथा :
पुढेही. शहाद्याला १९७१ च्या पाटीलवाडीच्या घटनेनंतर, म्हणजे आदिवासींवरच्या गोळीबारानंतर, आदिवासी कार्यकर्ते अंबरसिंग सुरतवंती आणि १९७२ पासून शेतमजुरांची श्रमिक संघटना यांचा लढा झाला. सालदाराचा करार आखाजीला सुरू होतो आणि आखाजीला संपतो. मजुरीचं बोलणं आखाजीच्या आधी, सगळ्यांनी मिळून केलं तरच मालक ऐकतो, नंतर वर्षभर हात बांधलेले. बायकांनी दारूची मडकी फोडली तेव्हाही त्या एकट्यादुकट्या गेल्या नाहीत, घोळक्याने गेल्या, म्हणून कोणा एकीला धरता आलं नाही. प्रदर्शन बेचाळीसचं असलं तरी एक पट्टी यासाठी ठेवा.

देवपूर :
पटलं. माझा आक्षेप मागे. एक भर घालतो. नंदुरबारच्या फलकावर नुसता गोळीबार लिहू नका. बोळांच्या गावात मिरवणूक थांबवली की पुढची रांग थांबते, मागच्याला काही दिसत नाही, तो ढकलत राहतो. पुढच्याला मागे फिरायला जागाच उरत नाही. पुढच्या रांगेत लहान मुलं असली की काय होतं ते त्या दिवशी झालं. झेंडा धरणारा पुढे असतो आणि पळू शकत नाही, हे कळल्यावर त्या मुलाने झेंडा सोडला नाही याचा अर्थ लागतो.

तापीकाठ :
सगळ्यांचं धरून फलक असे ठरवतो. पहिला तिथी-घड्याळाचा. दुसरा दोन जिल्ह्यांचा नकाशा, रेल्वेसकट. तिसरा नंदुरबार. चौथा भाकरीचा. पाचवा बुलेटिनचा, शक्य झालं तर चौकट-रूळ प्रत्यक्ष ठेवून, पोरांना एकेक प्रत काढू द्यायची. सहावा रस्ते आणि खजिन्याचं वजन, शेजारी एका मणाचं पोतं ठेवून. सातवा दंडाचा. आठवा १८५२ ते शहादा. दंडयादीतल्या खाजगी नावांचं काय करावं?

जुनं दप्तर :
घराण्यांना विचारल्याशिवाय नाव लावू नका. सूट मिळालेल्यांची नावं तर अजिबात नको, नातवंडं त्याच गावात राहतात. नावाऐवजी खातेक्रमांक आणि दंडाची रक्कम लावा, शेजारी कोरी वही ठेवा. ज्यांना ओळख पटेल ते स्वतः लिहितील. वहीत तीनच रकाने : कोणी केलं, काय केलं, कोणत्या सणाच्या किंवा पिकाच्या वेळी. चौथा रकाना तुम्ही घरी बसून भरा, कशाशी ताडलं तो.

कळणा आणि ठेचा :
वहीपाशी लिहिता येणारी एक मुलगी बसवा. सत्तरी-ऐंशीच्या बायका स्वतः लिहिणार नाहीत, पण अहिराणीत विचारलं तर सांगतील. 'स्वातंत्र्यलढ्यात तुमच्या घरचं कोणी होतं का' असं विचारलं की 'नाही' येतं. 'तुमच्या सासूबाई कोणासाठी जास्तीच्या भाकरी करायच्या' असं विचारा.